एडिटिंगमध्ये बघू

सध्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा दिलं जाणारं आणि सर्वांत कमी वेळा पाळलं जाणारं आश्वासन कोणतं? निवडणुकीतलं म्हणाल तर चुकलात. निवडणुका पाच वर्षांनी येतात (हल्ली तेही छातीठोकपणे सांगता येत नाही). हे आश्वासन रोज दिलं जातं. गल्लीतल्या फोटो स्टुडिओत, मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, साखरपुड्याच्या हॉलमध्ये.

‘एडिटिंगमध्ये बघू.’

फोटोग्राफर हे म्हणतो तेव्हा समजावं, लाइट हलवायचा कंटाळा आलाय. गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा समजावं, शर्टाला इस्त्री करायची राहिली. दोघंही एकमेकांकडे बघून समाधानानं हसतात. महिन्याभरानं दोघंही एकमेकांचे फोन उचलत नाहीत.

गिऱ्हाइकाची कल्पना साधी असते. स्टुडिओच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटर, त्यात फोटोशॉप, त्यात एक बटण. बटण दाबलं की टक्कल भरतं, पोट आत जातं, मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या काकांची नजर अक्षतांकडे वळते. इतकं सोपं असून हा माणूस दीड महिना मागतो, म्हणजे नक्की लुबाडतोय!

असं बटण असतं तर फोटोग्राफरनं आधी स्वतःच्या फोटोवर दाबलं नसतं?

आत काय चालतं ते एकदा ऐकून घ्या. कार्डावरचा माल आधी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचा. एक नव्हे, दोन. एकाच डिस्कवर भागवणारा फोटोग्राफर स्वस्त पडतो. डिस्क उडेपर्यंत.

मग छाटणी. लग्नात हजार-दोन हजार वेळा शटर सहज दाबलं जातं. त्यात डोळे मिटलेले, तोंडात जिलेबी असलेले, फ्लॅश न पेटलेले, वाढप्यानं मध्येच ट्रे घातलेले, एकाच पोझचे सात. हे सगळं बाजूला काढण्यात एक अख्खा दिवस जातो. कोणते फोटो तुम्हाला कधीच दिसू नयेत, हे ठरवण्यात त्या माणसाची अर्धी अक्कल खर्च झालेली असते. आणि अल्बम हातात पडल्यावर तुमचा पहिला प्रश्न काय?

‘बाकीचे कुठायत?’

बाकीचे हवे असतात. सगळा डेटा हवा असतो. हल्ली तर ‘रॉ फाइल द्या’ म्हणायचीही फॅशन आलीय. कुणीतरी रीलमध्ये सांगितलेलं असतं की खरा माल रॉमध्ये असतो. असतो की! जेपीजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. म्हणून तर अंधारात काढलेला चेहरा रॉमधून वर काढता येतो. पण ती फाइल आहे तशी उघडली की फिकी, मरगळलेली, चव नसलेली दिसते, आणि बहुतेकांच्या मोबाइलवर तर उघडतच नाही. रॉ मागणं म्हणजे हॉटेलात बसून मळलेली कणीक मागवणं आहे. खाणार कशी?

बरं, मागवून करणार काय? तीच पेनड्राइव्ह कपाटात, आधीच्या पेनड्राइव्हच्या शेजारी.

छाटणीनंतर रंग. कार्यालयात वर पिवळे दिवे, स्टेजवर जांभळे एलईडी, खिडकीतून दुपारचं ऊन. तीन रंगांचा उजेड एका नवरीवर. कॅमेऱ्यानं पांढरं कशाला मानायचं? मांडवाचं कापड हिरवं असेल तर अख्खं वऱ्हाड आजारी दिसतं. हे एकेक करून ताळ्यावर आणावं लागतं, आणि शालूचा रंग जुळवायला तर नवरीकडून शालूच मागवून घ्यावासा वाटतो. एवढं करून सासूबाईंचा शेरा येतो : ‘शालूचा रंग अगदी बरोब्बर आलाय हो. चेहऱ्याचा तेवढा बघा.’

चला, आलो मुद्द्यावर.

‘दादा, नॅचरलच ठेवा हं,’ या वाक्यानं सुरुवात होते. मग यादी. डोळ्यांखालची वर्तुळं घालवा, हनुवटी एकच ठेवा, दात जरा पांढरे, केस पुढून थोडे भरा, दंड बारीक, आणि चष्म्यातली चमक काढा. बाकी नॅचरल. बाकी म्हणजे कान.

चांगल्या फोटोग्राफरचा एक नियम असतो आणि तो गिऱ्हाइकानं पाठ करून ठेवावा. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं ते काढायचं. जन्मभर राहणारं ते विचारल्याशिवाय काढायचं नाही. पुटकुळी जाते, तीळ राहतो. फुटलेले ओठ सुधारतात, लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण राहते. सगळीकडे हा नियम पाळला जातो का? नाव नका काढू. अर्जावर चिकटवलेल्या फोटोत गाल स्वच्छ असतो आणि त्याच अर्जात ‘ओळखीची खूण’ या रकान्यात लिहिलेलं असतं : उजव्या गालावर तीळ.

हे काम जवळून बघण्यासारखं आहे. पडद्यावर चेहरा इतका मोठा केलेला की एक डोळा आणि अर्धी भुवई एवढंच दिसतं. कारागीर गालावरची चांगली कातडी निवडतो, पुटकुळीवर नेऊन ठेवतो. हीलिंग ब्रश हे अवजार फोटोशॉपमध्ये 2002 साली आलं. त्याची करामत अशी की पोत उचलतो तिकडचा, पण रंग आणि उजेड जुळवून घेतो इकडचा. एक ठिपका, दुसरा ठिपका, मध्येच लांब सरून पूर्ण चेहऱ्याकडे एक नजर, पुन्हा जवळ. मग कपाळावरचा चकाकणारा घाम थोडा दाबायचा, गालाच्या खालची सावली थोडी उचलायची. एका चेहऱ्याला अर्धा तास कुठेच गेला नाही. काम चांगलं झालं असेल तर गिऱ्हाइकाला वाटतं, यानं काही केलंच नाही.

वाईट कारागिराला अर्धा तास लागत नाही. तो ‘स्मूद’ करतो. झटक्यात सगळी कातडी सपाट. पैठणीच्या जरीचा धागा न् धागा मोजता येतो, आणि वर चेहऱ्याला एकही छिद्र नाही. एप्रिलच्या लग्नात ही बाई घामेजली तरी कुठून?

आणि गिऱ्हाइकांचं काय? त्यातल्या निम्म्यांना असाच चेहरा आवडतो.

आता ती मागणी, जी तोंडानं कुणी मोठ्यानं करत नाही. काउंटरवर वाकून, आवाज उतरवून : ‘जरा उजळ करा.’ उजळ म्हणजे किती ते स्टुडिओवाल्याला विचारावं लागत नाही. बायोडेटाचा फोटो म्हटलं की त्याचा हात आपोआप तिकडे जातो. मुलगी गव्हाळ असेल तर निमगोरी, निमगोरी असेल तर गोरी, गोरी असेल तर ट्यूबलाइट. चेहरा उजळतो, घाईत मान राहते. मान उजळली तर हात राहतात. कांदेपोह्यांच्या दिवशी मुलाकडची मंडळी मुलीकडे बघतात, मग मोबाइलमधल्या फोटोकडे, मग पुन्हा मुलीकडे. पोहे गार.

2020 साली एका लग्न जुळवणाऱ्या मोठ्या संकेतस्थळानं लोकांच्या तक्रारीनंतर रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली. त्याच वर्षी गोरेपणाच्या त्या प्रसिद्ध क्रीमनं नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. केवढी सुधारणा! काउंटरवरची आत्या आता म्हणते, ‘जरा ग्लो आणा.’

दोष नुसता आत्याचा नाही, हेही खरं. रंगीत फिल्मचा धंदाच गोऱ्या कातडीवर बेतलेला होता. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ नावाचं नमुन्याचं कार्ड असायचं आणि त्यावर गोरी बाई. तिचा चेहरा नीट छापून आला की यंत्र ठीक. सावळ्या माणसांचे चेहरे काळोखात गेले तरी यंत्र ठीकच. पुढं तपकिरी छटा सुधारल्या त्या कशामुळे? कोडॅकमध्ये काम केलेल्यांनीच नंतर सांगितलेली हकीकत अशी की चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले तक्रारी घेऊन आले. आपल्या जाहिरातींत डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट सारखंच दिसतं म्हणून.

माणसांपेक्षा टेबलखुर्चीची दाद आधी लागली.

दुसरी हमखास तक्रार : ‘मी अशी दिसतच नाही.’ यावर फोटोग्राफरनं भांडू नये, विज्ञान सांगावं. आपण जन्मभर स्वतःला आरशात बघतो. भांग उजवीकडे, तीळ डावीकडे. कॅमेरा दाखवतो जगाला दिसणारा चेहरा. 1977 साली अमेरिकेत तीन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. बायकांना स्वतःचा आरशातला, म्हणजे उलटा केलेला फोटो जास्त आवडला; त्यांच्या मैत्रिणींना सरळ. म्हणजे तुम्हाला जो चेहरा खोटा वाटतो, तोच तुमची सासू रोज बघते.

दुसरं कारण सेल्फी. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पुढं येतं, कान मागं जातात. 2018 साली अमेरिकेतल्याच डॉक्टरांनी गणित मांडलं : पाच फुटांच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. लोक असले सेल्फी घेऊन नाकाच्या ऑपरेशनला यायला लागले म्हणून त्यांना हे करावं लागलं. पोर्ट्रेटवाला पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स लावून सहा-सात फूट मागं सरकतो, तो काही तुमच्या सेंटच्या वासानं नव्हे.

सरका म्हटलं की गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, चेहरा लहान येईल. पैसे पूर्ण घेतोय ना?

‘आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं,’ असं म्हणणाऱ्या आजींचा लग्नातला ब्लॅक अँड व्हाइट फोटो भिंतीवरून उतरवा आणि नीट बघा. डोळ्यांखाली एक रेष नाही. पहाटे चारला उठून दिवसभर उपाशी उभ्या राहिलेल्या नवरीच्या डोळ्यांखाली रेष नाही? तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल चालायची. उतरत्या टेबलावर खालून उजेड, वर निगेटिव्ह, हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल, आणि बारीक बारीक फराटे. सुरकुती निगेटिव्हमध्ये पातळ असते. पेन्सिलीनं तिथं शिसं भरलं की छापताना उजेड अडतो आणि सुरकुती फिकी पडते. उलटं करायचं असेल, म्हणजे काही गडद करायचं असेल, तर पात्यानं खरवडायचं. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या 1928 सालच्या हॅमिल्टन स्टुडिओच्या पिढीतल्या कारागिरांचं हे रोजचं काम. चुकलं तर ‘अनडू’ नाही. निगेटिव्ह गेली, गिऱ्हाईक गेलं, नोकरीही गेली.

त्याच्याही मागं जा. म्युनिकचे फोटोग्राफर फ्रांझ हान्फश्टेंगल यांनी 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो लावले, एक टचिंग केलेला, एक न केलेला. लोक थक्क झाले. मग जे झालं ते कळायला इतिहासकार लागत नाही : प्रत्येकाला दुसरा नको, पहिला हवा. आपले संस्थानिक तर त्याच्याही पुढचे. फोटोवर चित्रकार बसवून रंग चढवून घ्यायचे, पागोट्यापासून पायातल्या मोजडीपर्यंत. काही फोटोंत रंगाखाली मूळ महाराज शोधावे लागतात.

फोटोशॉपची कुंडलीही बघून घ्या. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांचं हे अपत्य, 1990 साली बाजारात आलं. आधी लोकांना करामत दाखवायला जॉननं कोणता फोटो वापरला? बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या होणाऱ्या बायकोचा. आणि दाखवलं काय? एकीच्या दोन करून!

बायको पुढं झालीच म्हणे. धीराची असणार.

वर्तमानात या. एकत्र कुटुंबपद्धती संपली म्हणणाऱ्यांनी एकदा लग्नाच्या अल्बमच्या करेक्शनची यादी बघावी. अख्खं खानदान एकदिलानं कामाला लागलेलं असतं. नवरीला मेंदी गडद हवी. नवऱ्याला केस दाट हवेत. नवरीच्या आईला आपल्यापेक्षा जाऊबाईंची साडी जास्त उठून दिसतेय याचं दुःख, ती जरा ‘डल’ करता येईल का? मामाचा व्हॉइस मेसेज : ‘पान नंबर अकरा. मागं तो चेक्सच्या शर्टातला कोण उभा आहे? उडवा त्याला.’ उडवला. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन : ‘आमच्या ह्यांना अल्बममध्ये घेतलंच नाही होय?’

मग ते पुन्हा उभे. शर्ट तोच.

शहाणा फोटोग्राफर आधीच लिहून देतो : निवडलेले फोटो अमुक, करेक्शनच्या दोन फेऱ्या बिलात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, अल्बमची शीट एकदा छपाईला गेली की बदल नाही. गिऱ्हाईक ते वाचत नाही. ‘ठीके ठीके’ म्हणून सही करतं. तिसऱ्या फेरीला दोघांना एकमेकांचे खरे चेहरे दिसतात, विनाएडिट.

काही वर्षांनी कधी कधी उलटी ऑर्डर येते. फॅमिली ग्रुप फोटोतून जावई वजा करा. कारण विचारायचं नसतं. जावई वजा होतो, मागची भिंतही भरली जाते. सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवलेला त्याचा हात तेवढा राहतो.

आता जरा फोटोग्राफरांकडे वळू. उगाच गालातल्या गालात हसू नका, तुमचीही पाळी आहे.

तुमच्या पेजवरचे नमुने तुम्हीच काढलेले असतात ना? सगळ्या नवऱ्या एकाच नारिंगी रंगात का न्हालेल्या असतात? तो रंग विकत घेतलेल्या प्रीसेटचा आहे हे आता नवरीच्या धाकट्या भावालाही कळतं. त्याच्या मोबाइलमध्ये तोच आहे. बारा बाय छत्तीसच्या शीटवर एक फोटो मोठा, चार छोटे, मागं तोच मोठा फोटो पुसट, आणि कोपऱ्यात चुकीच्या स्पेलिंगचं इंग्रजी प्रेम. हे डिझाइन तुम्ही करतच नाही, दुसऱ्या गावचा मुलगा शीटच्या दरानं करतो, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगायला काय हरकत आहे? त्या मुलाला वर कोण आणि करवली कोण हे माहीत नसतं. म्हणून मुखपृष्ठावर नवऱ्याशेजारी करवली येते.

आणि ‘सीझन आहे साहेब’ हे कारण तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत चालतं. आषाढात काय चालतं? ‘मागच्या सीझनचं पेंडिंग आहे साहेब.’

लग्नाचं सोडा, एकट्याचं पोर्ट्रेट घ्या. नोकरीच्या प्रोफाइलला लावायचा तो हाताची घडी घातलेला, कंपनीचं ओझं एकट्यानं पेलत असल्याचा फोटो. तासभराच्या सिटिंगमधून शंभरेक फोटो निघतात, त्यातले वीस-पंचवीस दाखवले जातात, पाच-सात नीट काम करून हातात येतात. हेच रास्त आहे. ‘शंभरच्या शंभर एडिट करून देतो’ असं सांगणारा भेटला तर खुशाल समजावं, बटण त्याच्याकडे आहे.

काय होतं आणि काय होत नाही, तेही सांगून टाकतो. मिटलेले डोळे शेजारच्या फोटोतून उसने आणता येतात. भिंतीवरचा स्विचबोर्ड जातो. दोरीवरचा टॉवेल जातो. हललेला, फोकस चुकलेला फोटो सुधारता येत नाही. कुणी काहीही सांगो, जे टिपलंच गेलं नाही ते आणणार कुठून? चुरगळलेला कुडता सरळ करता येतो, त्याला दीड तास लागतो. इस्त्रीला चार मिनिटं. पण इस्त्री आपल्याला करावी लागते ना!

एवढ्या मेहनतीनंतर गिऱ्हाईक म्हणतं, ‘व्हॉट्सॲपवर टाका.’ चोवीस मेगापिक्सेलचा फोटो साध्या पद्धतीनं पाठवला की पलीकडे दोनेक मेगापिक्सेलांचा सांगाडा पोचतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, लिंकवरून उतरवून घ्या, असं फोटोग्राफर कंठशोष करून सांगतो. कोण ऐकतं? तोच सांगाडा स्टेटसला लागतो, तिथून काकू स्क्रीनशॉट काढते, तो फ्रेम करायला देते आणि वर्षभर सगळ्यांना सांगत सुटते, त्या फोटोवाल्याकडे जाऊ नका, फोटो फाटतात.

एडिटिंगमधून सुटलेली जागा एकच. पासपोर्ट सेवा केंद्र. तिथं फोटो त्यांच्या कॅमेऱ्यावर, त्यांच्या उजेडात, त्यांच्या मूडप्रमाणे. ‘मॅडम, जरा स्मूद करा,’ म्हणून बघा एकदा.

आणि कधीच न सुटलेली जागा? चौक. तिथल्या फ्लेक्सवर एडिटिंगची परमावधी बघायला मिळते. साहेबांचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, केस त्याच्याही आधीचे. खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे, तिसांचा रंग एकच, कारण डिझायनरनं एकच सेटिंग सगळ्यांवर फिरवलं. कधी नव्हे ती समता. साहेब सभेला प्रत्यक्ष उतरतात तेव्हा पहिल्या रांगेतला नवा कार्यकर्ता हार हातात धरून क्षणभर घोटाळतो. फ्लेक्सवरचे कधी येणार?

सर्वांत अवघड ऑर्डर मात्र लग्नाची नसते, तेराव्याची असते. रात्री नऊला, शटर अर्धं खाली आलेलं असताना नातू येतो. आजोबांचा एकट्याचा फोटो घरात नाही. मोबाइलमध्ये जुन्या ग्रुप फोटोचा फोटो आहे, तोही लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत असतानाचा. आजोबा दुसऱ्या रांगेत, अर्धे मावशीच्या अंबाड्यामागे. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. यातून सकाळी आठपर्यंत बारा बाय अठराची फ्रेम हवी. नीट छापायची तर तेवढ्या फ्रेमला 3,600 बाय 5,400 पिक्सेल लागतात. आजोबांच्या वाट्याला आलेत जेमतेम ऐंशी.

शिवाय कोट हवा. आजोबांनी जन्मात कोट घातला नाही, बंडी आणि टोपी. पण स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये कोट तयार असतो, टायसकट, एकच. गावातले गेल्या दहा वर्षांतले सगळे दिवंगत त्याच कोटात आहेत.

पूर्वी स्टुडिओवाला अशा वेळी ब्रश घेऊन रात्र जागवायचा आणि फोटो पुसट का होईना, आजोबांचा यायचा. आता एआय आहे. ते मिनिटात चेहरा ‘सुधारून’ देतं. सुधारतं म्हणजे काय? आहे त्यावरून नसलेलं ठोकून देतं. लाखो परक्या चेहऱ्यांवरून शिकलंय ते. अंबाड्यामागं काय होतं ते त्याला कोण सांगणार? नाक सरळ येतं, भुवया दाट येतात, तोंडात बत्तीस दात येतात. सकाळी आजी हार घेऊन पुढं होते, फोटोकडे बघते आणि विचारते, ‘हे कोण रे?’

‘अगं आजी, एचडी आहे.’

बाहेरच्या देशांत यावर कायदे आले. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी एडिट करून बारीक किंवा जाड केली असेल तर तसं फोटोवर छापावं लागतं. नॉर्वेनं जुलै 2022 पासून जाहिरातींत शरीराचा आकार, कातडी यांत केलेल्या फेरफारावर शिक्का सक्तीचा केला. आपल्याकडे असा कायदा आणला तर पहिला फ्लेक्स कुणाचा उतरेल, हे आमदारांना ठाऊक आहे. म्हणून तो येणार नाही. निश्चिंत राहा.

आपल्याकडे एक वेगळंच कलम आहे आणि ते ना स्टुडिओवाल्याला माहीत असतं, ना गिऱ्हाइकाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17. पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. फोटोग्राफर नव्हे. म्हणजे तुमची पुतणी विचारल्याशिवाय त्याच्या शोकेसमध्ये झळकत असेल, तर झापायचा हक्क तुमच्याकडे आहे. थांबा, लगेच फोन लावू नका. कलमात पुढं एक मेख आहे : वेगळा करार नसेल तर.

आणि करार असतो. ऑर्डर देताना ‘ठीके ठीके’ म्हणून तुम्ही सही केलेल्या त्याच कागदाच्या मागं, मुंगीच्या अक्षरात. काढा तो कागद. चष्मा लावून वाचा. चष्म्यातली चमक काय, नंतर काढता येते.